एचआयव्ही, प्रदूषित हवा आणि फुफ्फुसातील भक्षक पेशी

एचआयव्हीवरील औषधे नियमित घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण बहुधा काही महिन्यांतच नेहमीच्या चाचणीत सापडणार नाही इतके खाली येते आणि सीडी४ पेशींची, म्हणजे एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या प्रतिकारयंत्रणेतील पांढऱ्या पेशींची, संख्या हळूहळू वाढू लागते. अहवाल पाहून डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही हायसे वाटते आणि ते योग्यच आहे. मात्र विषाणू दबला म्हणून प्रतिकारयंत्रणा पूर्ववत झाली असे होत नाही. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातील सीडी४ पेशींची मोठी हानी झालेली असते. ते अस्तर पूर्णपणे भरून येत नाही, त्यातून जिवाणूंचे अंश रक्तात झिरपत राहतात आणि उपचार चालू असतानाही शरीरात सौम्य दाह, म्हणजे प्रतिकारयंत्रणेची चेतावलेली अवस्था, वर्षानुवर्षे धुमसत राहतो. एचआयव्हीबाधितांत हृदयविकाराचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते, त्यात या दाहाचा वाटा मानला जातो.

प्रदूषित हवा याच दाहात भर घालते. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे कण, नाक आणि श्वासनलिकांतील अडथळे चुकवून थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, पोहोचतात. कण बाहेर लोटणारे केसांसारखे सूक्ष्म तंतू (रोमक) तेथे नसतात, त्यामुळे सफाईची भिस्त प्रामुख्याने भक्षक पेशींवर असते. या पेशी कण गिळतात खऱ्या, पण काजळी काही पचत नाही; सूक्ष्मदर्शकाखाली त्या काळ्या ठिपक्यांनी भरलेल्या दिसतात. अशा काजळीने भरलेल्या पेशींची जिवाणू मारण्याची क्षमता घटते आणि त्यांच्यातून इंटरल्यूकिन-६ सारखे दाहकारक रेणू स्रवतात, जे एचआयव्हीबाधितांच्या रक्तात आधीच वाढलेले असू शकतात. त्यात भर म्हणजे, विषाणू रक्तात सापडेनासा झाल्यानंतरही तो याच पेशींत दडून राहू शकतो. क्षयाच्या जिवाणूची पहिली गाठही याच पेशींशी पडते, आणि क्षयरोग हे एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूचे जगभरातील सर्वांत मोठे कारण आहे.

प्रदूषणामुळे सीडी४ पेशी नेमक्या किती घटतात, हे मोजणे मात्र अवघड आहे. दिवसाच्या वेळेनुसार किंवा साध्या सर्दी-तापानेही हा आकडा बदलतो. शिवाय दूषित हवेत राहणारी माणसे अनेकदा गरीब असतात, कोंदट घरांत राहतात, धूम्रपानही करतात. त्यामुळे अशा पाहण्यांतून संबंध दिसला तरी कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. शहराची हवा एकट्याने सुधारता येत नाही. पण विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर हे घरातले स्रोत पुष्कळदा टाळता येतात. अधिक काळजी खोकल्याबाबत घ्यावी लागते. एरवी क्षयाच्या तपासणीसाठी दोन आठवड्यांच्या खोकल्याचा निकष लावतात, एचआयव्हीबाधित व्यक्तीला मात्र कितीही दिवसांचा खोकला असला तरी ही तपासणी आवश्यक ठरते, मग बाहेर धुरके कितीही दाट असो.