बॅटरी कोणाच्या घरची?

आमच्याकडे, यवतमाळ-वर्ध्याच्या पट्ट्यात, ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च. रात्री ओलिताला निघालं की आजी दारातूनच विचारायची, “बॅटरी घेतली का रे?” तिच्यातले जाड सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळायचे आणि टॉर्च कोणत्या कंपनीची आहे हे दुकानदार कधी विचारत नसे. पुढे ट्रॅक्टरची बॅटरी आली, मग फवारणीच्या पंपाची आली. दर वेळी नियम तोच राहिला: यंत्र एकाचं आणि बॅटरी कोणाचीही चालते. ड्रिल, ग्राइंडर, करवत अशा बॅटरीवाल्या मशिनींच्या बाबतीत हा नियम लागू होत नाही. आपल्याकडचे बहुतेक लोक या फरकाची चौकशी न करताच पैसे भरतात.

गेल्या उन्हाळ्यात गावातल्या सुतारकाकांनी त्यांची बॅटरीवाली ड्रिल मशीन माझ्या हातात दिली. बॉडीवर ओरखडेसुद्धा फारसे नव्हते. बटण दाबलं तर चक, म्हणजे पातं धरणारा पुढचा भाग, अर्धा फेरा फिरला आणि थांबला. बॅटरी चार्जरवर ठेवली तर लाल दिवा लुकलुकत राहिला. दोन बॅटऱ्या होत्या आणि दोन्ही गेलेल्या. नागपूरला इतवारीत लोहाओळीत जाऊन आले, तर दुकानदार म्हणाला, ह्या खाचेची बॅटरी आता येत नाही, नवीन मशीनच घ्या. काका मला म्हणाले, “मशीन जित्ती हाये बावा, पन जीव कंपनीच्या घरी ठेवेल हाये.” गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असायचा, तसंच हे. फरक एवढाच की इथे पोपट पाळणाराच दुकान बंद करून गेला.

काकांच्या वडिलांकडे सामता होता. धनुकलीसारख्या दांड्याची दोरी लाकडी रुळाला गुंडाळायची, दांडा मागेपुढे ओढायचा आणि सागाच्या चौकटीला भोक पडायचं. दोरी तुटली तर घरातली दुसरी बांधायची, पातं बोथट झालं तर लोहाराकडे जायचं. त्या अवजाराचा कुठलाही भाग गावाबाहेर अडकलेला नव्हता. वायरवाल्या ड्रिलनेही हा हिशेब फार बिघडवला नाही. कार्बन ब्रश झिजले तर तालुक्याला मिळतात, आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला भाग, जळालं तर रिवाइंडिंगवाला आहे. वीज तर कोणत्याही कंपनीची नसतेच. अडचण सुरू झाली ती वायर कापल्यावर.

विजेवर चालणारी हातातली ड्रिल १८९५ साली जर्मनीत फाइन कंपनीने बनवली. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली बटण हा आज सगळीकडे दिसणारा घाट १९१६-१७च्या सुमारास अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरने आणला, आणि १९६१ साली त्याच कंपनीने बॅटरीवर चालणारी ड्रिल बाजारात उतरवली. आत निकेल-कॅडमियमचे सेल होते. हा सेल मुळात जुना, स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर याने १८९९ मध्ये शोधलेला. बिनवायरची ड्रिल नासाने शोधली असं पुष्कळ ठिकाणी छापून येतं, ते खरं नाही. दुकानात ड्रिल आधी आली. चंद्रावर खडकाचे नमुने काढायची ड्रिल त्याच कंपनीच्या मदतीने नंतर तयार झाली आणि १९७१च्या अपोलो १५ मोहिमेपासून वापरात आली. जपानच्या मकीताने पहिली चार्जिंगवाली ड्रिल १९६९ मध्ये काढली, आणि १९७८च्या ७.२ व्होल्टच्या मॉडेलपासून ती कारागिरांच्या हातात खऱ्या अर्थाने गेली.

निकेल-कॅडमियमच्या काळाने आपल्याला एक सवय लावली, ती अजून सुटलेली नाही. ‘बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.’ त्या सेलना अर्धवट चार्जिंगची खोड लागायची, म्हणून तेव्हा हा सल्ला ठीक होता. लिथियमला तो उलट बाधतो. पार उतरलेली बॅटरी महिनाभर पेटीत पडून राहिली तर सेलचा व्होल्टेज इतका खाली जातो की चार्जर तिला हातच लावत नाही. आमच्याकडे सुतारकाम आणि खिडक्यांची कामं पेरणीच्या दिवसांत थंडावतात. मशीन पेटीत जाते ती थेट दिवाळीला बाहेर निघते. किती बॅटऱ्या अशा नुसत्या झोपेत मेल्या असतील!

लिथियम-आयन सेल सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणला. त्याच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कारागिराच्या मशिनीत हा सेल यायला २००५ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेतल्या मिलवॉकी कंपनीने २८ व्होल्टची मालिका काढली आणि मकीताने १८ व्होल्टची. आता पुढे काय झालं ते बघा. मिलवॉकीने तीनच वर्षांनी, २००८ मध्ये, १८ व्होल्टची वेगळी मालिका काढली. तिची बॅटरी २८ व्होल्टच्या मशिनीत बसत नव्हती, आणि कंपनीचा सगळा जोर नव्या मालिकेकडे वळला. डीवॉल्ट या दुसऱ्या अमेरिकी कंपनीची जुनी १८ व्होल्टची बॅटरी दांड्यासारखी मुठीत वर घुसायची. २०११ मध्ये त्यांनी सरकवून बसवायची ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणली. जुन्या मशिनीवर नवी बॅटरी बसवायचा जोड बाजारात यायला २०१५ उजाडलं. याउलट मकीताने २००५ची सरकखाच पुढे चालू ठेवली. म्हणजे २००५ मध्ये दोघांनी मिलवॉकी आणि मकीता अशा दोन चांगल्या कंपन्यांची मशीन घेतली असती, तर पंधरा वर्षांनी एकाकडे चालू पेटी असती आणि दुसऱ्याकडे संग्रहालय. विकत घेताना यांतलं कोण टिकेल हे दोघांनाही सांगता आलं नसतं. या गुंतवणुकीतला मोठा धोका मला हाच दिसतो, आणि तो मशीनच्या दर्जावर अवलंबून नाही.

(२० व्होल्ट म्हणजे १८ पेक्षा जास्त ताकद, असं दुकानात हमखास सांगतात. आत दोन्हीकडे एकापुढे एक जोडलेले पाचच सेल असतात. सेल ३.६ व्होल्टचा धरला तर १८ होतात, नुकता भरलेला धरला तर २१ होतात. आकडा कुठे मोजायचा तेवढाच फरक.)

एकाच कंपनीच्या सगळ्या मशिनींना एकच बॅटरी चालेल, हाही भ्रम आहे. बॉशची घरगुती वापराची हिरवी मालिका आणि कारागिरांची निळी मालिका दोन्ही १८ व्होल्टच्या आहेत, तरी हिरवीची बॅटरी निळीला लागत नाही. १२ व्होल्टची गोष्ट आणखी वेगळी. कंपन्यांनी एकमेकांत सोयरिकी केल्या, नाही असं नाही. मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ मध्ये काही कंपन्यांनी एक बॅटरी वाटून घ्यायचं ठरवलं, २०२० मध्ये बॉश आणि गार्डेनाने तसाच दुसरा गट उभा केला. पण हे सोयऱ्यांपुरतंच. मोबाईलला टाइप-सी चार्जिंग देणं युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून बंधनकारक केलं, ड्रिलच्या बॅटरीला मात्र तसा एक घाट कोणी ठरवून दिलेला नाही.

आता आपल्याकडे ही मशीन शिरली कशी? माझ्या मते फवारणीच्या पंपाने वाट मोकळी केली. हाताने दांडा मारायचा पाठीवरचा पंप जाऊन बॅटरीचा आला आणि कपाशीत दिवसभर फवारणाऱ्याचा खांदा सुटला. त्या पंपात १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची (हे साठ्याचं माप) शिसं-आम्लाची बॅटरी असते. दोन-अडीच किलोचा हा ठोकळा कुठल्याही कंपनीचा आणा, दोन वायरी जोडा, पंप चालू. दोन हंगामांत ती बसली तरी कोणी रडत बसत नाही, जुनी देऊन नवी घेतो. शेतकऱ्याने बॅटरीवरचा विश्वास या पंपापासून शिकला आणि तोच विश्वास घेऊन तो ड्रिलच्या दुकानात गेला.

दुसरं कारण म्हणजे लाईन. दोन हजारच्या दशकातलं लोडशेडिंग ज्यांनी ग्रामीण भागात काढलं त्यांना वेगळं सांगायला नको. शेतीच्या फीडरला आजही कित्येक ठिकाणी आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास वीज मिळते, आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर तीही नाही. सौरपंप बसवणारी पोरं अशा शेतात काम करतात जिथे लाईनच नसते, म्हणून तर सौरपंप. तिथे शंभर-दीडशे नट आवळायला बॅटरीवाली मशीन नसेल तर पान्याने दिवस जातो. या पोरांसाठी बॅटरीचा खर्च वसूल होतो, यात मला शंका नाही. ज्याचं काम घराच्या पडवीत, प्लगपासून दहा फुटांवर चालतं, त्याने मात्र हिशेब करावा.

हिशेब सोपा आहे. १८ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॉट-तास. चार इंची वायरवाला ग्राइंडर साधारण ७०० वॉटचा असतो. तेवढाच जोर बॅटरीकडून सलग मागितला तर ती सहा मिनिटांत रिकामी होते. ड्रिलने स्क्रू आवळायला हीच बॅटरी अर्धा दिवस पुरते, पण लोखंड कापायचं तर चार बॅटऱ्या फिरत्या ठेवाव्या लागतात. विजेचा खर्च नगण्य आहे, एका युनिटमध्ये डझनभर बॅटऱ्या भरतात. पैसा जातो तो बॅटरीच्या झिजेत. पुष्कळ संचांत दोन बॅटऱ्या आणि चार्जर यांची सुटी किंमत मशीनच्या बॉडीपेक्षा जास्त भरते. म्हैस स्वस्तात द्यायची आणि तिला लागणारी सरकीची ढेप महाग विकायची, असा हा धंदा.

त्यात आपला उन्हाळा. बहुतेक माहितीपत्रकांत चार्जिंगची वरची मर्यादा ४० अंशांच्या आसपास दिलेली असते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात सावलीतला पाराच ४५ च्या वर जातो, टिनाच्या शेडखालचं तर बोलायलाच नको. चांगला चार्जर गरम बॅटरी घेतच नाही, थंड होईपर्यंत वाट पाहायला लावतो. हलका चार्जर घेतो, आणि सेल आतून म्हातारा होतो. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत ठेवणं हा तिला मारायचा सगळ्यात सोपा मार्ग. यात वॉरंटीचाही फारसा उपयोग नाही. सर्व्हिस सेंटर नागपूर किंवा अमरावतीला, जाणं-येणं आणि बुडालेला रोज धरला की माणूस तिसऱ्या फेरीला जात नाही.

१९२९ साली चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय चरखा संघाने घातलेल्या अटी आज वाचायला मजा येते. किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, नीट निगा राखल्यास यंत्र वीस वर्षं चाललं पाहिजे आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. पुढे १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्याच्या मगनवाडीत आला. चरखा पटो न पटो, ही फूटपट्टी बॅटरीच्या ड्रिलला लावून पाहा. तीन-चार वर्षांत दोन बॅटऱ्या बदलायच्या म्हटलं तर पाच टक्के केव्हाच मागे पडतात, आणि वीस वर्षांची हमी द्यायला कोणी कंपनी पुढे येणार नाही.

त्याच वर्ध्यात २० सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम झाला. या योजनेत सुतारासह अठरा व्यवसाय आहेत, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतची मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंतचं कर्ज पाच टक्के व्याजाने मिळतं. मदत चांगलीच आहे. पण कर्जाच्या पैशातून मशीन घेणाऱ्याने दुकानात पहिला प्रश्न ‘किती व्होल्ट’ हा विचारण्याऐवजी ‘ही खाच किती वर्षांपासून आहे आणि सुटी बॅटरी आज कपाटात आहे का’ हा विचारावा, एवढं मी माझ्या ओळखीच्यांना सांगतो.

डुप्लिकेट बाजाराची मात्र गंमत आहे. जी एकी मोठ्या कंपन्यांना जमली नाही ती त्याने करून दाखवली. स्वस्त मशिनींपैकी बऱ्याचशा मकीताच्या खाचेच्या नकलेवर बनतात, त्यामुळे एकीची बॅटरी दुसरीला पुष्कळदा लागते. तिच्यावर ‘४८ व्होल्ट’, ‘८८ व्होल्ट’ असं काहीही छापलेलं असतं, आत तेच पाच सेल. ते कुठून आले, किती वापरलेले, एकसारखे तरी आहेत का, हे उघडल्याशिवाय कळत नाही. एक सेल कमजोर असला की चार्जिंगमध्ये बाकीच्यांवर ताण येतो, आणि अशी बॅटरी रात्रभर गादीशेजारी चार्जिंगला लावणं मला तरी धाडसाचं वाटतं.

मेलेल्या बॅटरीचं काय करायचं, याचे नियम आहेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. आमच्या गावात त्या अजून भंगारवाल्याच्या पोत्यात जातात. शिशाच्या बॅटरीचे तो पैसे देतो, लिथियमच्या बॅटरीकडे पाहून मान हलवतो.

सुतारकाकांनी त्यांच्या दोनांतली एक बॅटरी शेवटी माझ्यासमोर खोलली. बोटाएवढे दहा सेल, दोन-दोनच्या पाच जोड्या, निकेलच्या पट्टीने डागलेले. मल्टिमीटर लावला. आठ सेल अडीच व्होल्टच्या खाली गेलेले, दोन साडेतीनवर धड उभे. म्हणजे सगळी बॅटरी मेलीच नव्हती, चार जोड्यांनी पाचवीला बुडवलं होतं. काकांनी ते दोन सेल काढून घेतले, चार दिवस मातीच्या कुंडीत घराबाहेर ठेवून गरम होतात का ते पाहिलं, आणि मग एक सेल बाजारातून आणलेल्या टॉर्चमध्ये घातला. ड्रिल आता फळीवर आहे, तिच्या जागी वायरवाली चालू आहे. रात्रीच्या पाळीला पाणी फिरवायला पोरगा निघाला की काकू दारातून विचारतात, “बॅटरी घेतली का?”