आंबवलेल्या सालींचं पाणी मातीला आंबट करतं का?

फळांच्या साली, गूळ आणि पाणी तीन महिने डब्यात झाकून ठेवलं की तपकिरी, आंबूस वासाचं द्रावण तयार होतं. कोणी त्याला बायोएन्झाइम म्हणतं, कोणी नुसतं आंबवण. घरच्या बागेत त्याच्याकडून दोन अपेक्षा असतात. झाडांना खत मिळावं आणि मातीचा सामू, म्हणजे पीएच, खाली यावा. पहिली अपेक्षा थोडीफार पुरी होते. दुसरी जवळजवळ होतच नाही, आणि ती का होत नाही हे शोधताना माती कशी वागते ते इतकं छान उलगडतं की तो हिशेब इथे नीट मांडावासा वाटतो.

आधी डब्यात काय घडतं ते पाहू. नेहमीचं प्रमाण १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी. सालींवर मुळातच असलेले यीस्ट साखरेवर तुटून पडतात आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतात. हा वायू थोडाथोडका नसतो. १०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारे २५ लिटर वायू सुटतो. म्हणून काचेची बाटली घट्ट बंद करून ठेवणं खरोखर धोक्याचं आहे. प्लास्टिकचा डबा घ्यावा, वर मोकळी जागा ठेवावी आणि पहिला महिना रोज झाकण सैल करावं. याच काळात काही जिवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात. दुसरे जिवाणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने अल्कोहोलचं अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, करतात. शेवटी सामू साडेतीन ते चारच्या आसपास येऊन थांबतो. ‘एन्झाइम’ हे नाव मला फसवं वाटतं. द्रावणात थोडी एन्झाइम्स असतीलही, पण ती प्रथिनं आहेत आणि मातीतले सूक्ष्मजीव ती खाऊन टाकतात. या द्रावणातली कामाची गोष्ट म्हणजे आम्लं आणि विरघळलेले क्षार.

आता हा साडेतीनचा आकडा. सामूची मोजपट्टी सोरेन सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये मांडली. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. सातच्या सामूच्या मातीवर साडेतीनचं द्रावण ओतायचं म्हटलं की मोठा फरक पडेल असं वाटणं स्वाभाविक आहे. पण सामू आम्लाची तीव्रता सांगतो, साठा सांगत नाही. उकळत्या पाण्याचा एक पेला गार पाण्याने भरलेल्या टाकीत ओतला तर पेल्यातलं पाणी कितीही कढत असो, टाकी गारच राहते.

मातीची टाकी केवढी मोठी आहे बघा. द्रावणात शेकडा १ अ‍ॅसेटिक आम्ल आहे असं धरू, म्हणजे लिटरला १० ग्रॅम. एवढं आम्ल साधारण ८ ग्रॅम चुनखडी विरघळवू शकतं. विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणधर्माच्या, सातच्या वर सामू असलेल्या जमिनीत चुनखडी शेकडा ५ असणं काही विशेष नाही. कुंडीत १० किलो अशी माती असेल तर तिच्यात अर्धा किलो चुनखडी आहे. ती संपवायला लागेल ६० लिटर आंबवण, तेही पाणी न मिसळता. झाड त्याच्या कितीतरी आधी मरेल.

शिवाय आपण ते पाणी मिसळूनच वापरतो. शंभरपट पातळ केलेल्या द्रावणातलं आम्ल लिटरमागे जेमतेम ८० मिलिग्रॅम चुनखडीला पुरतं, आणि जड, म्हणजे चुन्याचे क्षार विरघळलेल्या, पाण्यात तेवढं आम्ल मारण्याची ताकद (क्षारता) बहुधा आधीपासूनच असते. म्हणजे आम्ल मातीपर्यंत पोचण्याआधी बादलीतच खर्ची पडतं! तरी हे अगदी वाया गेलं असं नाही. जड पाणी वर्षानुवर्षं घातल्याने कुंडीतली माती हळूहळू विम्ल होत जाते, तो वेग थोडा कमी होतो.

मातीत चुनखडी नसेल तरी चिकणमातीचे कण आणि कुजलेला सेंद्रिय भाग बाहेरून आलेलं आम्ल आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात, त्यामुळे सामू सहजासहजी हलत नाही. उरलंसुरलं काम सूक्ष्मजीव करतात. अ‍ॅसेटिक आणि लॅक्टिक आम्ल हे त्यांचं अन्न आहे. काही दिवसांत त्यांचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन जातं.

आणि इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. सालींमधलं बरंचसं सायट्रिक आणि मॅलिक आम्ल मोकळं नसतं, पोटॅशियमशी जोडलेलं असतं. सूक्ष्मजीव त्यातला आम्लाचा भाग खाऊन टाकतात आणि मागे पोटॅशियम बायकार्बोनेट राहतं, जे विम्ल आहे. लाकूड जाळल्यावर राख विम्ल का निघते त्याचंही हेच कारण. तिथे विस्तव जे मिनिटांत करतो तेच मातीत सूक्ष्मजीव सावकाश करतात. म्हणजे हे आंबट पाणी शेवटी मातीला, अगदी किंचित का होईना, उलट दिशेला ढकलू शकतं. अर्थात आम्लधर्मी जमीन सुधारायला तेवढं पुरत नाही. तिथे चुनाच घालावा लागतो. विम्ल मातीसाठी टिकाऊ उपाय गंधकाचा. मातीतले जिवाणू गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल बनवतात आणि ३२ ग्रॅम गंधक १०० ग्रॅम चुनखडीला पुरतं. पण त्याला महिने लागतात. कुंडीपुरता प्रश्न असेल तर मी सरळ माती बदलायला सांगेन.

मग नव्या पानांवर केवडा पडला असताना आंबवण घातल्यावर झाड हिरवं झालं असं सांगणारे खोटं बोलतात का? नाही. केवड्यात शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो, कारण झाडाला लोह मिळत नाही. लोह मातीत भरपूर असतं, पण सामू एकाने वाढला की त्याची विद्राव्यता हजारपटीने घटते. सायट्रिक आम्ल लोहाला पकडून विरघळलेलं ठेवतं. झाडांची मुळंही स्वतः अशीच आम्लं पाझरतात. मुळांजवळच्या ओल्या मातीत थोडा वेळ ही मदत झाली तर दिलासा मिळू शकतो. तो टिकत नाही, एवढंच.

खत म्हणून हिशेब सोपा आहे. पोटॅशियम पेशीरसात मोकळं असतं, त्यामुळे ते पाण्यात सहज उतरतं. लिटरमागे साधारण १ ग्रॅम धरलं तर शंभरपट पातळ केल्यावर १० मिलिग्रॅम उरतं. कुंड्यांसाठीच्या द्रवखतात ते सहसा १०० ते २०० मिलिग्रॅम असतं. नत्राची (नायट्रोजनची) बाजू तर फारच लंगडी. सालींत ते कमी, गुळात नगण्य. उलट साखरेतला कर्ब (कार्बन) खाताना सूक्ष्मजीव मातीतलंच नत्र उचलतात. म्हणून अर्धवट आंबलेलं, अजून गोड असलेलं द्रावण वारंवार ओतलं तर जुनी, खालची पानं पिवळी पडू शकतात. पूर्ण आंबलेलं द्रावण ५० ते १०० पट पातळ करून, ओल्या मातीत, पंधरा दिवसांतून एकदा घालणं सुरक्षित. गाळून उरलेला चोथा मात्र टाकू नये. नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि कॅल्शियमचा मोठा वाटा त्यातच राहतो. वाळलेल्या पानांबरोबर तो कंपोस्टमध्ये घालावा.

माझ्या आकडेमोडीवर विसंबून राहायचं कारण नाही. कोरड्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहे. मग १ भाग माती अडीच भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून अर्धा तास ठेवा आणि सामू मोजून लिहून ठेवा. आंबवण घातल्याच्या दिवशी पुन्हा मोजा आणि त्यानंतर आठव्या दिवशी, त्याच कुंडीतली तेवढ्याच खोलीवरची माती घेऊन, तिसऱ्यांदा.