हवा स्वच्छ दिसतेय, मग मास्क कशाला?

बोगद्याच्या कामावर नव्याने आलेल्या कामगारांच्या सुरक्षा प्रशिक्षणात हा प्रश्न हमखास येतो. सुरुंग उडाला, धुरळा बसला, दिव्याच्या उजेडात समोरचा खडक लख्ख दिसतोय. आता नाकावर ते जोखड कशाला? प्रश्न रास्त आहे. पण त्यावर बहुतेकदा ‘नियम आहे म्हणून’ एवढंच उत्तर मिळतं आणि सुपरवायझरची पाठ फिरली की मास्क गळ्यात येतो. खरं उत्तर शाळेतल्या गणितात बसणारं आहे.

स्थिर हवेत बारीक कण किती वेगाने खाली येईल हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. हा स्टोक्सचा नियम. व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी. क्वार्ट्झचा, म्हणजे खडकातल्या स्फटिकरूपी सिलिकाचा, १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण सेकंदाला साधारण ८ मिलिमीटर खाली येतो, म्हणजे दीड मीटरवरून, नाकाच्या उंचीवरून, जमिनीवर यायला त्याला सुमारे तीन मिनिटं लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी पाच तास लागतात. तेही हवा निश्चल असेल तर. बोगद्यात पंखे, डंपर आणि माणसांची ये-जा असते, त्यामुळे तो बसायचं नावच घेत नाही. नुसत्या डोळ्यांना सुटा कण दिसतो तो साधारण ५० मायक्रॉनच्या पुढचा. तेव्हा बसताना दिसला तो धुरळा जाड्या कणांचा. बारीक माल अजून हवेतच आहे.

जाडे कण नाकात आणि श्वासनलिकेत अडकतात, खाकरून बाहेर टाकता येतात. साधारण ४ मायक्रॉनहून लहान कण थेट फुप्फुसाच्या टोकाच्या बारीक पिशव्यांपर्यंत, वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. जंतू आला की गिळायचा, पेशीच्या आतल्या लायसोसोम या पिशवीतल्या पाचकरसांनी त्याचा निकाल लावायचा, हे त्यांचं काम. क्वार्ट्झचा स्फटिक मात्र पचत नाही. उलट त्याच्या पृष्ठभागाने पिशवीचाच पडदा फाटतो, पाचकरस पेशीत सांडतात, एनएलआरपी-३ इन्फ्लमॅसोम हा प्रथिनांचा संच जागा होतो आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाह पेटवणारं प्रथिन बाहेर पडतं. पेशी मरते. स्फटिक जसाच्या तसा मोकळा होतो आणि पुढची पेशी त्याला गिळते. पुन्हा तेच. या सततच्या दाहामुळे शेजारच्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे धागे विणत राहतात, मऊ फुप्फुसात कडक गाठी होतात. हाच सिलिकोसिस. काम सोडलं तरी स्फटिक आतच राहतात, म्हणून आजार पुढे वाढू शकतो. झालेले व्रण पुसून टाकणारं औषध आजही नाही.

समुद्रकिनाऱ्यावरची वाळूही बहुतेक ठिकाणी क्वार्ट्झचीच असते, मग तिथे फिरणाऱ्यांना का काही होत नाही? एक तर ते कण मोठे. दुसरं, नुकत्या फुटलेल्या क्वार्ट्झच्या पृष्ठभागावर सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे तुटके बंध, म्हणजे मुक्त मूलकं असतात. काळ जातो तशी त्यांची धार कमी होते. बोगद्याच्या फेसवरची, म्हणजे जिथे खडक फोडला जातो त्या टोकाची धूळ ताजी असते, म्हणून जास्त घातक.

याचा सगळ्यात भयंकर दाखला अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्ट बोगद्याचा. १९३० च्या सुमारास सिलिकाने ठासून भरलेला वालुकाश्म तिथे कोरडाच ड्रिल केला गेला. कित्येक कामगार, त्यातले बरेचसे कृष्णवर्णीय, काही महिन्यांच्या कामात सिलिकोसिसचे बळी ठरले. मृतांचे आकडे शंभरापासून सातशेच्या वर असे वेगवेगळे दिले जातात. १९३६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्याची सुनावणी झाली.

आज अमेरिकेत श्वासातून आत जाणाऱ्या बारीक सिलिकाची आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा हवेच्या घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. पाळीत माणूस दहा घनमीटर हवा ओढतो असं धरलं तर दिवसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे आठ-दहा कण. एवढ्याशा धुळीपुढे तोंडाला बांधलेला रुमाल काय करणार? त्याच्या विणीतली भोकं या कणांच्या कितीतरी पट मोठी असतात. चांगला मास्कही दाढीवर नीट बसत नाही. कडेच्या फटीतून हवा शिरते. म्हणून फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का याची तपासणी.

तरी मास्क शेवटचा उपाय. ड्रिलच्या पोकळ दांड्यातून पाणी थेट बिटपर्यंत, म्हणजे खडक कापणाऱ्या टोकापर्यंत सोडलं तर धूळ उडण्याआधीच चिखल होते. राडारोडा उचलण्याआधी भिजवायचा तो त्याचसाठी. नंतर हवेत फवारा मारून फार काही साधत नाही, कारण अतिबारीक कण हवेबरोबर वळसा घालून पाण्याच्या मोठ्या थेंबाला चुकवून निघून जातात.

बाई बोगद्यात शिरली की अपशकुन होतो, ही समजूत जगभर अनेक ठिकाणी होती आणि पुरती गेलेली नाही. अपशकुनाचा धाक वाटणारा माणूस कोरडं ड्रिलिंग मात्र बिनदिक्कत करतो! दुसऱ्या टोकाला आभासी वास्तवाचे चष्मे लावून दिलं जाणारं प्रशिक्षण. दरड कोसळण्याचा सराव त्यात छान होतो, पण धुळीचं काय? तिच्यासाठी साधा डस्ट लॅम्प पुरतो. अंधारात प्रखर झोत सोडायचा, दिव्याचा गोळा पुठ्ठ्याने डोळ्यांआड करायचा आणि झोताच्या बाजूने पण किंचित तिरकं, दिव्याच्या दिशेने पाहायचं. बारीक कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला विखुरतात, त्यामुळे मघाशी स्वच्छ वाटलेल्या हवेतला धुळीचा लोट उजळून दिसतो. हे कामगारांना त्यांच्याच फेसवर, त्यांच्याच ड्रिलजवळ दाखवावं: आधी पाणी बंद ठेवून, क्षणभरच आणि सगळ्यांच्या नाकावर मास्क असताना, मग पाणी सुरू करून. या दिव्याने धूळ मोजता मात्र येत नाही. त्यासाठी कॉलरला सॅम्पलर, म्हणजे हवेतली धूळ गोळा करणारं छोटं उपकरण लावून कमरेच्या पंपाने पाळीभर हवा ओढावी लागते आणि फिल्टरवरचा सिलिका प्रयोगशाळेत तपासावा लागतो. तो निकाल कार्यालयातल्या फाइलमध्ये न ठेवता ज्याच्या कॉलरला सॅम्पलर होता त्याला सांगायला हवा.