डीओपी आणि डीओटीपी: मधल्या ‘टी’चा फरक

केळीच्या बागेत जमिनीखालून गेलेला कडक पाइप आणि हाताने ओढत नेतो ती लवचीक नळी, दोन्ही पीव्हीसीच. फरक तेलाचा. कडक पाइपात ते घालत नाहीत. नळीत मात्र भरपूर असतं, आणि पीव्हीसीच्या लांबलचक साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देतं. (ठिबकची काळी लॅटरल पॉलिथिलीनची असते, तिला हे तेल लागतच नाही.)

हे तेल म्हणजे बहुधा डीओपी (डायऑक्टाइल थॅलेट) किंवा डीओटीपी (डायऑक्टाइल टेरेथॅलेट). दोन्ही बिनरंगी, दोन्हींच्या रेणूत २४ कार्बन, ३८ हायड्रोजन, ४ ऑक्सिजन. नावात दोन्हीकडे ‘थॅलेट’ येतं, म्हणून ‘थॅलेट वाईट’ एवढंच ऐकलेला माणूस दोघांनाही एकाच माळेत ओवतो. हे चूक आहे.

दोन्ही रेणूंच्या मध्यभागी कार्बनचं एक कडं असतं. डीओपीत त्या कड्याला लागलेले दोन हात, म्हणजे अणूंच्या साखळ्या, शेजारी-शेजारी असतात, एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखे. डीओटीपीत ते समोरासमोर, कावडीच्या दोन टोकांना. शरीरात गेल्यावर डीओपीचा एकच हात सहज तुटतो आणि उरलेला अर्धा भाग प्रजननसंस्थेला घातक ठरतो. डीओटीपीचे दोन्ही हात तुटतात आणि उरलेलं टेरेथॅलिक आम्ल बाहेर पडतं. म्हणूनच युरोपात खेळण्यांमध्ये डीओपी वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. डीओटीपीवर तशी बंदी नाही. मूल जी वस्तू तोंडात घालतं, तिच्यासाठी मी तरी डीओपी वापरू देणार नाही.

आता बाटलीचं, कारण डीओटीपी भंगारातल्या पाण्याच्या बाटल्यांपासूनही बनवतात. पाण्याची बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची, आणि पेटमध्ये टेरेथॅलिक आम्ल आधीपासूनच समोरासमोरच्या रचनेत बांधलेलं असतं. बाटलीचे धुतलेले तुकडे २-इथाइल हेक्झानॉल (एक अल्कोहोल) आणि उत्प्रेरकासोबत तापवले की ग्लायकॉल सुटतं आणि डीओटीपी तयार होतं. भंगारातून आलं म्हणजे डीओपीच असणार, ही शंका त्यामुळे टिकत नाही: बाटलीतून डीओपी होतच नाही, त्याला थॅलिक अनहायड्राइड हा वेगळा कच्चा माल लागतो. भंगाराची खरी अडचण शुद्धीकरणाची. ते नीट झालं नाही तर तेल पिवळसर राहतं आणि पारदर्शक नळीत तो रंग लगेच दिसतो.

डीओटीपी तेवढाच मऊपणा द्यायला किंचित जास्त लागतं. पण ते कमी उडतं. भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात वर्षानुवर्षे पडलेली नळी कडक होते, कारण तेल साखळीला बांधलेलं नसतं, हळूहळू निघून जातं. तिथे हा फरक हाताला जाणवतो.