लस न टोचलेल्या दोन गायी

लाळ्या-खुरकुत या गुरांच्या विषाणूजन्य रोगावरची लस कितपत जोरकस आहे हे पाहण्याची एक जुनी चाचणी आहे. जनावरांचे तीन गट करायचे, प्रत्येकात किमान ५. पहिल्या गटाला लशीची पूर्ण मात्रा, दुसऱ्याला चौथाई, तिसऱ्याला दशांश. तीन-चार आठवडे थांबायचं आणि मग सगळ्यांच्या जिभेवर दोन ठिकाणी सुईने जिवंत विषाणू सोडायचा. आठवडाभराने तपासायचे ते खूर. जिभेवर सुईच्या जागी फोड येऊ शकतातच, त्यावरून काही ठरत नाही. विषाणू तिथून रक्तात शिरून खुरांपर्यंत पोचला का, हा खरा प्रश्न. खुरांच्या बेचक्यात फोड नसेल तर लशीने जनावर राखलं.

या १५ जनावरांच्या जोडीला आणखी दोन असतात. त्यांना लस दिलेली नसते, विषाणू मात्र तेवढाच दिला जातो. ती आजारी पडावीच लागतात. त्यांच्या खुरांवर फोड उठले नाहीत, तर टोचलेल्या विषाणूतच दम नव्हता असं धरून अख्खी चाचणी बाद होते. लाळ गळतेय, पाय टेकवत नाही, वैरणीला तोंड लावत नाही, हे सगळं त्या दोघींना सोसावं लागतं. आणि ज्या ठणठणीत राहिल्या त्याही सहसा गोठ्यात परतत नाहीत, कारण हा विषाणू बऱ्या दिसणाऱ्या गायीच्या घशातही महिनोन् महिने टिकू शकतो.

माणसाच्या रोगांवरच्या संशोधनात उंदीर माणसाच्या जागी उभा असतो आणि उंदरात दिसलं ते माणसात दिसेल का, ही शंका कायम राहते. पशुरोगांत ती अडचण बरीच कमी. गायीचा रोग गायीतच पाहता येतो, म्हणून इथलं उत्तर जास्त भरवशाचं असतं. पण ज्या गायीला मुद्दाम रोग दिला, तिला त्या उत्तराचा काहीच उपयोग नाही. हे अवघडलेपण या शास्त्रातून जात नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

काही प्रश्नांना मात्र जनावरांवाचून उत्तर मिळालंच नसतं. अमेरिकेत दक्षिणेकडची धडधाकट गुरं उत्तरेत नेली की तिथली गुरं तापाने मरत. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी १८८९ पासून कुंपणं घालून याचा छडा लावायला घेतला. दक्षिणेकडच्या गुरांच्या अंगावरच्या गोचिडी हातांनी एकेक वेचून काढल्या आणि ती उत्तरेकडच्या गुरांत सोडली. रोग आला नाही. मग एका कुरणात दक्षिणेचं एकही जनावर न आणता नुसत्या गोचिडी पसरल्या. तिथली गुरं आजारी पडली. १८९३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डासामुळे मलेरिया होतो हे सिद्ध व्हायला अजून काही वर्षं अवकाश होता.

बुळकांडी (रिंडरपेस्ट) या गुरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाचीही तीच गोष्ट. १९२० च्या दशकात उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत जे. टी. एडवर्ड्‌स यांनी हा विषाणू बोकडांतून बोकडांत फिरवत नेला, तेव्हा तो गुरांसाठी सौम्य झाला आणि त्याची लस बनली. पुढे केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत तो वाढवून अधिक सुरक्षित लस काढली. २०११ साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर समूळ गेलेला हा दुसराच रोग.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हर्मन फ्रेंकेल यांचं काम. त्याआधी लाळ्या-खुरकुताच्या लशीसाठी लागणारा विषाणू जिवंत गायींना रोग देऊन, त्यांच्या जिभेवरच्या फोडांतून मिळवला जाई. नेदरलँड्‌समध्ये फ्रेंकेल यांनी कत्तलखान्यातून आलेल्या जिभांची वरची साल सोलून ती पोषक द्रवात जिवंत ठेवली आणि विषाणू तिच्यातच वाढवला. हे १९४७ सालचं. लस तीच, पण तिच्यासाठी वेगळी गाय आजारी पाडण्याची गरज उरली नाही. प्रयोगांत जनावरांना पर्याय शोधणं, त्यांच्या संख्येत कपात आणि त्यांच्या यातना कमी करणं ही तीन तत्त्वं रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडली, म्हणजे फ्रेंकेल यांच्यानंतर बारा वर्षांनी.

ही कपात आजही चालू आहे. जनावरांच्या लशीचा प्रत्येक घाणा (बॅच) बाजारात जाण्याआधी पुन्हा जनावरांना टोचून सुरक्षितता तपासण्याची सक्ती युरोपीय औषधसंहितेने २०१३ मध्ये काढून टाकली. लाळ्या-खुरकुतातही आता अनेकदा गायीचं थोडं रक्त घेऊन त्यातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) मोजतात आणि त्यावरून लशीचा जोर ठरवतात. त्यासाठी किती प्रतिपिंडं म्हणजे किती संरक्षण, हे कोष्टक हाताशी लागतं. ते आधीच्या चाचण्यांतल्या गायींच्या नोंदींवरून बनलेलं असतं. विषाणूचा एखादा वेगळाच प्रकार आला आणि जुनं कोष्टक त्याला लागू पडेना, की नवं बनवावं लागतं. त्यासाठी पुन्हा तीन गट होतात, आणि शेजारी लस न टोचलेल्या दोन गायी.