वस्ती किती मिश्र आहे, हे मोजायचं कसं?

युनेस्कोने टोरांटोला जगातलं सगळ्यात बहुसांस्कृतिक शहर जाहीर केलं, हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. युनेस्कोने असं काहीही जाहीर केलेलं नाही. आणि नंबर लावायचाच तर आधी मोजायचं काय ते ठरवायला नको का?

कॅनडाच्या जनगणनेत ‘व्हिजिबल मायनॉरिटी’ मोजतात, म्हणजे तिथले मूळनिवासी सोडून जे गोरे नाहीत ते सगळे. २०२१ मधे टोरांटो शहरात हे लोक ५५.७ टक्के होते, शेजारच्या ब्रॅम्प्टनला ८०.६. लगेच वाटतं की ब्रॅम्प्टन जास्त मिश्र. पण तिथे निम्म्याहून जास्त लोक एकट्या दक्षिण आशियाई गटातले आहेत! टक्का वाढला म्हणजे मिश्रण वाढलं असं नसतं.

मिश्रणासाठी एक फार सुंदर आकडा आहे, संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्पसनने १९४९ मधे मांडलेला. जंगलातल्या प्रजातींसाठीही तोच वापरतात. वस्तीतली कुठलीही दोन माणसं डोळे मिटून निवडा, ती वेगळ्या गटातली निघायची शक्यता किती? प्रत्येक गटाच्या हिश्श्याचा वर्ग करायचा, बेरीज करायची, एकातून वजा करायची, झालं.

समजा एका वस्तीत ८० टक्के दक्षिण आशियाई, २० टक्के गोरे. ०.६४ अधिक ०.०४, एकातून वजा, उत्तर ०.३२. दुसरीकडे ४० टक्के गोरे आणि बाकी तीन गट २०-२० टक्के, उत्तर ०.७२. व्हिजिबल मायनॉरिटी पहिलीत जास्त, मिश्रण दुसरीत दुपटीहून जास्त.

आता खरी मजा. पहिल्या वस्तीतल्या त्या ८० टक्क्यांत पुण्याचे मराठी, जाफन्याचे तमिळ, लाहोरचे पंजाबी, ढाक्याचे बंगाली समसमान संख्येने असतील तर? चार वेगळे रकाने केले की पाच गट २०-२० टक्क्यांचे होतात आणि उत्तर थेट ०.८०! एकाही माणसाने घर बदललं नाही, आपण फक्त रकाने बदलले. म्हणून जनगणनेतला मातृभाषेचा आकडा घेऊनही हे गणित करून बघावं, चित्र पार बदलतं.

आणि हे रकाने म्हणजे रक्तातल्या भिंती आहेत असं जे अजूनही सांगतात त्यांच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिनने १९७२ मधेच दाखवलंय की माणसांमधला साधारण ८५ टक्के जनुकीय फरक एकेका समूहाच्या आतच असतो.

एक मर्यादा मात्र आहे. अख्ख्या शहराचा ०.८० आला तरी एका टॉवरमधे सगळे तमिळ आणि पलीकडच्या टॉवरमधे सगळे गोरे असू शकतात, त्यामुळे आकडा ब्लॉकनुसार वेगळा काढून शहराच्या आकड्याशी ताडून बघावा लागतो.