पुण्याला न्यायची की इथेच थांबवायची? स्पोर्ट्स कारसाठी स्कॅनर निवडताना

सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. मस्टँग, बीएमडब्ल्यूची एखादी एम किंवा सेकंडहँड घेतलेली पोर्शे सोलापुरात ठेवणाऱ्याच्या डोक्यात हे अंतर सतत असतं. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की लगेच ठरवावं लागतं: गाडी चालवत पुण्याला न्यावी, गाडी लादून नेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवावा, की अक्कलकोट रोडच्या एखाद्या जाणत्या गॅरेजमध्ये काम होऊन जाईल? स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, घेताना माझ्या मते हीच कसोटी लावावी. तो हा निर्णय घ्यायला मदत करत असेल तर उपयोगाचा. नुसता कोड दाखवून गप्प बसणार असेल तर तेवढ्या पैशात चांगले स्पार्क प्लग घ्यावेत.

आधी स्कॅनर ज्याला जोडतात त्या सॉकेटविषयी. स्टेअरिंगखाली असलेला हा सोळा पिनांचा सॉकेट मालकाच्या सोयीसाठी आलेला नाही, तो आला हवेच्या प्रदूषणामुळे. गाडीतून बाहेर पडणारा धूर मर्यादेत आहे की नाही हे गाडीनेच स्वतः तपासत राहावं, अशी सक्ती आधी कॅलिफोर्नियाने केली. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या कारना ओबीडी-२ ही स्वतःची तपासणी करण्याची एकच पद्धत लागू झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, आणि आपल्याकडे बीएस-४ च्या काळात, २०१३ पासून. म्हणून जुनी आयात केलेली गाडी असेल तर तिचं साल आणि ती कोणत्या देशासाठी बनली होती, हे पाहिल्याशिवाय स्कॅनर मागवू नका.

प्रदूषणातून जन्म झाल्याचा एक परिणाम ग्राहकाला थेट भोगावा लागतो. कायद्याने कंपन्यांना जी माहिती खुली करायला लावली ती इंजिन आणि धुराशी संबंधित आहे. एबीएस, एअरबॅग, ड्युअल क्लच गिअरबॉक्स, बटणाने कडक-मऊ होणारं सस्पेन्शन या सगळ्यांचे संगणक वेगळे असतात आणि ते कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतात. साध्या गाडीत याने फार अडत नाही. स्पोर्ट्स कारमध्ये मात्र निम्मी करामत याच भागांत असते. साधा स्कॅनर ‘एकही कोड नाही’ म्हणतो आणि गिअरबॉक्सचा संगणक तिकडे तक्रार साठवून बसलेला असतो.

आता कोड. पी ०३०१ घ्या. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग. बॉडीसाठी ‘बी’, चासीसाठी ‘सी’ आणि संगणकांच्या आपसातल्या जाळ्यासाठी ‘यू’. पुढचं शून्य सांगतं की हा कोड सर्व कंपन्यांना समान आहे. तिथे १ असेल तर तो कंपनीचा खासगी. ०३०१ चा अर्थ पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. कोड इथेच संपतो. प्लग गेलाय, कॉइल गेलीय, इंजेक्टर तुंबलाय की कॉम्प्रेशन उतरलंय, हे त्याला माहीत नसतं. कोड लक्षण सांगतो. भाग आपण शोधायचा असतो.

संगणकाला मिसिंग कळतं कसं, हे मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं. क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, एक दातेरी चाक असतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर ६० दातांची जागा असते आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे फेरी कुठे सुरू झाली हे सेन्सरला समजतं. प्रत्येक सिलिंडर पेटला की चाकाला किंचित धक्का मिळतो. एखादा पेटला नाही तर तेवढ्यापुरतं चाक केसभर मंदावतं आणि दोन दातांमधला वेळ वाढतो. सहा सिलिंडरचं इंजिन ६,००० आरपीएमवर सेकंदाला ३०० वेळा पेटतं, आणि त्यातला कोणता हुकला हे संगणक यातून ओळखतो. म्हणूनच हलकं फ्लायव्हील (क्रँकशाफ्टच्या टोकाचं जड चाक) बसवून घेतलेल्या गाड्यांत कधी कधी खोटा मिसिंग कोड येतो. चाकाची चालच बदललेली असते.

स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर सेकंदाला मोजकीच मूल्यं वाचतो. त्यामुळे मिसिंग ‘बघण्याची’ अपेक्षा त्याच्याकडून करू नका. मोजणी गाडीच करून ठेवते. नव्या गाड्यांत सिलिंडरनिहाय मिसिंगचे आकडे मोड ०६ मध्ये, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांच्या निकालांत, मिळतात. तुम्ही घेताय तो स्कॅनर किंवा मोबाइलमधलं अ‍ॅप मोड ०६ दाखवतं का, हे विकणाऱ्याला नक्की विचारा. आकडे पाहून पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावायची आणि थोडं चालवायचं. कोड पी ०३०३ झाला तर दोषी कॉइल. हे काम सोलापुरात तासाभरात होतं, त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही.

दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर मात्र कुठेच जाऊ नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि त्याच्या आतली जाळी उष्णतेने वितळू शकते. मोहोळपर्यंत जाऊ, मग पाहू, असा विचार इथे फार महागात पडतो.

कोडइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे फ्रीझ फ्रेम. कोड नोंदवताना संगणक त्या क्षणाचे आरपीएम, वेग, इंजिनावरचा भार, कूलंटचं तापमान साठवून ठेवतो. समजा पी ०१७१ आला, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. संगणक पेट्रोल किती टक्के वाढवून देतोय ते ‘फ्युएल ट्रिम’मध्ये दिसतं. गाडी उभी असताना ट्रिम खूप वर आणि रेस दिली की खाली येत असेल, तर कुठून तरी चोरटी हवा शिरतेय; बहुधा फाटलेला पाइप. उलट उभ्या गाडीत सगळं ठीक आणि टेंभुर्णीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर जोर दिला की ट्रिम चढत असेल, तर पेट्रोल पंप किंवा फिल्टरवर संशय घ्या. कोड एकच, पण पहिल्यात गॅरेजमध्ये पाइप बदलून काम होतं आणि दुसऱ्यात लांबचा प्रवास टाळावा लागतो. लाइव्ह डेटाचा आलेख न काढणारा स्कॅनर म्हणूनच मी सुचवणार नाही.

घेतलेला स्कॅनर खरं बोलतो का, हे सोलापुरात बसून तपासता येतं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब ९६ किलोपास्कलच्या आसपास असतो. मुंबईत तो १०१ च्या जवळ. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन ऑन करा आणि बॅरोमेट्रिक दाब पाहा. ९५-९६ दिसला पाहिजे. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंट आणि आत येणारी हवा यांची तापमानं जवळजवळ सारखी हवीत. तापमान एका बाइटमध्ये येतं आणि त्यातून ४० वजा करतात, म्हणून सेन्सरची वायर तुटली की बऱ्याच गाड्यांत उणे ४० दिसतं. मे महिन्यात उणे ४० दिसलं तर गाडीची वायर तपासा, स्कॅनर ठीक आहे.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर: दुपारी सात रस्ता चौकाच्या गर्दीत अडकलेल्या टर्बो गाडीत आत येणारी हवा फार तापते. नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात होणारी ठोकठोक) टाळण्यासाठी संगणक स्पार्क उशिरा देतो आणि पिकअप मरतो. कोड एकही येत नाही. आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि स्पार्कचं टायमिंग शेजारी शेजारी दाखवणाऱ्या स्कॅनरवर हे लगेच उमगतं.

बाजारात स्वस्तात मिळणारे डोंगल, म्हणजे सॉकेटमध्ये खोचायचे छोटे स्कॅनर, बहुतेक ईएलएम ३२७ या कॅनडातल्या चिपच्या नकला असतात. ‘व्हर्जन १.५’ असं छापलेलं दिसलं तर ओळखा. मूळ कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती काढलीच नव्हती. काही नकला कोड नीट वाचतात, काही अर्ध्या आज्ञा समजत नाहीत. आयफोन असेल तर वाय-फाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा डोंगल लागतो, जुन्या ब्लूटूथचा जोडला जात नाही.

एबीएस-गिअरबॉक्सपर्यंत पोहोचायचं तर ब्रँडनिहाय साधन घ्यावं लागतं: फोक्सवॅगन-ऑडी-स्कोडासाठी व्हीसीडीएस, पोर्शेसाठी ड्युरामेट्रिक, फियाट-अबार्थसाठी मल्टीईसीयूस्कॅन. माझा सल्ला स्पष्ट आहे. एकच गाडी असेल तर ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ म्हणणाऱ्या महागड्या यंत्रापेक्षा तिच्या ब्रँडचं साधन घ्या. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक मागे घेणं, एबीएसमधली हवा काढणं ही कामं नुसते कोड वाचणाऱ्या साध्या स्कॅनरने होत नाहीत.

काम झालं की डोंगल काढून ठेवा. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा करंट सतत असतो आणि महिन्यातून एकदा निघणाऱ्या गाडीची बॅटरी त्याने उतरते. सुरक्षेचा मुद्दाही आहे: २०१५ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोबाइल नेटवर्कला जोडलेल्या, गाडीत कायम लावून ठेवलेल्या एका डोंगलला एसएमएस पाठवून कॉर्व्हेटचे वायपर चालवले आणि कमी वेगात ब्रेकही ताब्यात घेतले.

सेकंडहँड गाडी पाहायला जाताना स्कॅनर बरोबर न्याच. विकणाऱ्याने आदल्या दिवशी कोड उडवले असतील तर दिवा बंद दिसेल, पण ‘रेडिनेस मॉनिटर’ अपूर्ण दिसतील; संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू झालेल्या असतात. असं दिसलं तर सौदा थांबवा, काही दिवस गाडी चालवायला सांगा आणि पुन्हा तपासा. पोर्शे असेल तर ब्रँडच्या साधनाने ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरल्याची, नोंदही काढा. इंजिनाला त्या मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर फक्त पेट्रोल किंवा स्पार्क तोडू शकतो. चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर चाकंच इंजिनाला फिरवतात आणि लिमिटर हतबल होतो. पोर्शेचा संगणक मर्यादेच्या किती वर किती वेळा गेलं हे श्रेणीनिहाय, नव्या गाड्यांत सहा श्रेणींत, इंजिनाच्या तासांसकट नोंदवतो. वरच्या श्रेणींत अलीकडच्या तासांच्या नोंदी दिसल्या, तर इंजिन उघडून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.